बाजारभावाची पाइपलाइन: एपीआय, एआयने लिहिलेला कोड आणि येळवशीचा चुकलेला भाव

औसा_रोड (धागाकर्ता)

राम राम मंडळी,

लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत मी हिशोबाचं आणि कॉम्प्युटरचं काम बघतो. आमचे सभासद सोयाबीन, तूर, हरभरा पिकवणारे. रोज संध्याकाळी त्यांच्या व्हॉट्सॲप गटावर त्या दिवशीचे भाव टाकायचं काम माझ्याकडे. दोन वर्षं मी ते फोनवर केलं. चार मोंढ्यांतल्या (बाजार समितीच्या आवारांतल्या) चार आडत्यांना फोन लावायचा, वहीत उतरवायचं, मग टाइप करायचं. एखाद्याने फोन उचलला नाही की त्या बाजाराची जागा रिकामी. गेल्या पावसाळ्यात ठरवलं की हे एपीआयमधून (एका कॉम्प्युटरने दुसऱ्याकडून थेट माहिती मागायची सोय) आपोआप आणायचं. मला पायथन ही कोडची भाषा वाचता येते, पण कोऱ्या पानावर लिहायला बसलं की अडतो. म्हणून कोड जवळपास सगळा एआयकडून लिहून घेतला.

काम चाललं. पण येळवशीला त्यात अशी चूक झाली की एका माणसाला तिचा भुर्दंड पडला. ती इथे पूर्ण लिहितो, कारण आपल्याकडे आता गावोगावी पोरं असं काम करायला लागली आहेत आणि सगळी याच दगडाला ठेचकाळणार.

आधी माल कुठून येतो ते सांगतो. डेटा डॉट गव्ह डॉट इन या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर देशभरातल्या बाजार समित्यांचे रोजचे भाव एपीआयमधून मिळतात. मूळ माहिती ॲगमार्कनेट या केंद्राच्या बाजारभावाच्या पोर्टलची. नोंदणी केली की स्वतःची 'की' मिळते, म्हणजे ओळख पटवणारा सांकेतिक शब्द. तिथे नमुन्याला दिलेली की वापरली तर एका वेळी दहाच नोंदी येतात. एका नोंदीत राज्य, जिल्हा, बाजार, जिन्नस, वाण, प्रत, आवकेची तारीख आणि तीन भाव असतात: किमान, कमाल आणि मोडल. मोडल म्हणजे सरासरी नव्हे. त्या दिवशी जास्तीत जास्त माल ज्या भावाला गेला, तो मोडल. सगळं रुपये प्रति क्विंटल. ही यादी चालू दिवसाची आहे, त्यामुळे आज ओढलं नाही तर उद्या तिथे आजचं सापडेल या भरवशावर राहू नये.

एआयला मी एवढंच सांगितलं होतं: महाराष्ट्रातले आजचे सोयाबीनचे भाव आणून फाइलमध्ये टाक. दहा मिनिटांत कोड हातात आला. चालवला, फाइल भरली. दहा ओळी. दुसऱ्या दिवशी दहा, तिसऱ्या दिवशीही दहा, तेव्हा शंका आली. एपीआयची की माझी स्वतःची होती, पण कोडने लिमिट (एका वेळी किती नोंदी हव्यात तो आकडा) सांगितलीच नव्हती. एपीआय जो जबाब पाठवतं त्यात 'टोटल' म्हणून एक रकाना असतो, एकूण नोंदी किती ते त्यात लिहिलेलं असतं, आणि तो कोड त्याच्याकडे बघतच नव्हता. लिमिट आणि ऑफसेट (आधीच्या किती नोंदी सोडायच्या) हे दोन आकडे देऊन पानं पुढे सरकवायची असतात आणि जमा झालेल्या ओळी टोटलशी जुळेपर्यंत थांबायचं नसतं. हे एआयला सांगितल्यावर त्याने लगेच नीट केलं. न सांगता केलं नव्हतं.

दुसरा घोळ तारखेचा. तारीख ०५/११/२०२५ अशी येते, आधी दिवस मग महिना, आणि ती नुसता मजकूर असते. पांडाज लायब्ररीला (पायथनमध्ये तक्ते हाताळणारा तयार कोड) फॉरमॅट सांगितला नाही तर ती आधी महिना धरते. ५ नोव्हेंबरचा ११ मे झाला. सगळ्या तारखा एका फाइलीत असत्या तर तेराव्या दिवशी काहीतरी कुरकुर झाली असती. पण मी रोजची फाइल रोज वाचत होतो, एका फाइलीत एकच तारीख, त्यामुळे कोड एकदाही थांबला नाही. नोव्हेंबरचे पहिले बारा दिवस भलत्याच महिन्यांत जाऊन बसले (११/११ तेवढा वाचला) आणि १३ पासून सगळं सुरळीत. आलेखात मे महिन्यात सोयाबीनचा एक एकटा ठिपका दिसला, म्हणून सापडलं. तारखेचा फॉरमॅट कोडमध्ये स्वतः लिहून द्या, ओळखायला लावू नका.

आता मूळ गोष्ट.

अध्यक्षांनी एकदा सांगितलं की आलेखातली रेषा रविवारी तुटते, बरं दिसत नाही. मी एआयला लिहिलं, "रेषा तुटू देऊ नको." त्याने एक ओळ घातली. रिकाम्या दिवसात आदल्या दिवसाचा आकडा पुढे ओढणारी ओळ. आलेख सुंदर दिसायला लागला. पण ती ओळ त्याने आलेखाच्या भागात न घालता वरती, मूळ तक्त्यावरच घातली होती, आणि गटावर जाणारा मेसेज त्याच तक्त्यातून निघत होता. बदललेला कोड मी वाचला होता. ओळ दिसली होती. तिचा मेसेजशी संबंध आहे हे डोक्यात आलं नाही.

मग आली येळवस. लातूर-धाराशिवच्या बाहेरच्यांसाठी सांगतो, मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. त्या दिवशी इकडे गावात कुत्रंही दिसत नाही. सगळे शेतात, कडब्याच्या कोपीत पूजा, भज्जी, आंबील, उंडे. मोंढा बंद. संध्याकाळी माझा मेसेज गेला: आजचा भाव. तो आदल्या दिवसाचा होता, पण बाजारात कोणी नव्हतंच, कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी एका मोंढ्यात हमाल आणि व्यापारी यांच्यात हमालीवरून बिनसलं आणि सौदा निघालाच नाही. संध्याकाळी माझा मेसेज परत गेला: आजचा भाव. तोच आकडा.

तिसऱ्या दिवशी पहाटे आमच्या एका सभासदाने छोट्या हत्तीत बावीस कट्टे भरले आणि तो चाळीस किलोमीटरवर त्या मोंढ्यात गेला. गेट बंद. गटावर भाव आला म्हणजे सौदा झाला असंच तो धरून चालला होता, आणि त्यात त्याचं काहीही चुकलं नाही. जाण्या-येण्याचं भाडं गेलं. त्याला पोरीच्या फीसाठी त्याच दिवशी पैसे हवे होते, ते हातउसने घ्यावे लागले.

भाडं कंपनीने दिलं. पण अध्यक्षांनी मला विचारलं, "हा आकडा तुला कुणी दिला?" आणि माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. एपीआयने त्या दिवशी नेमकं काय पाठवलं होतं ते मी कुठेच ठेवलं नव्हतं. कोड जबाब घ्यायचा, त्यातून तक्ता करायचा, जबाब टाकून द्यायचा. भाव आला होता आणि चुकला, की आलाच नव्हता, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतो. दोन रात्री कोड उलगडल्यावर ती ओळ सापडली.

आता मी काय करतो: एपीआयचा जबाब जसाच्या तसा, एका अक्षराचाही बदल न करता, त्या दिवसाच्या तारखेच्या फाइलीत ठेवतो. त्या फाइलीला नंतर कोणीही हात लावायचा नाही, कोडनेसुद्धा. पुढचं सगळं तिच्यावरून. जाणकारांनी अजून काय करावं ते सांगावं.

—

मोंढा_नांदेड

भाऊ, लिहिलंत ते बरं केलंत. मी तीस वर्षं आडतीवर काढली. कॉम्प्युटरचं मला कळत नाही, भावाचं कळतं, तेवढं सांगतो.

मोडल भाव हा कुणा एकाच्या मालाचा भाव नसतो. सौद्यात व्यापारी मूठभर दाणा हातावर घेतो, दाताखाली फोडतो, हवा (ओलावा) किती, डाग किती, माती किती बघतो, मग बोली लावतो. पावसात भिजलेल्या आणि कोरड्या मालात एकाच दिवशी, एकाच ओट्यावर पाच-सातशेचा फरक मी पाहिलेला आहे. तुमच्या मेसेजात एकच आकडा जात असेल तर माणूस तोच धरून बसतो आणि विक्रीची पट्टी हातात आली की आडत्याला चोर म्हणतो. तिन्ही भाव टाका. किमान, कमाल आणि तो मोडल. आणि आवक वाढली की कमी झाली तेवढं एक वाक्य फोनवरून विचारून टाका.

—

बीडकर_पुण्यात

मी पुण्यात याच कामावर आहे, डेटा इंजिनिअर. मूळ गेवराईचा. तुम्ही कच्चा जबाब जपायला लागलात तिथेच निम्मं काम झालं. बाकीचं जसं आठवेल तसं लिहितो.

एआयच्या कोडमध्ये मी सगळ्यात आधी एक गोष्ट शोधतो: चूक झाली तर गिळून टाकणारा भाग. ट्राय (करून बघ), एक्सेप्ट (चूक झाली तर), पास (काही न करता पुढे जा). अशा तीन ओळी असल्या की सर्व्हर बंद असो, एपीआयच्या कीची मुदत संपलेली असो, जबाब अर्धवट असो, कोड हसत पुढे जातो. एआयला बहुतेकदा "चालणारा" कोड द्यायची घाई असते आणि कधीच न थांबणारा कोड चालणाऱ्या कोडसारखाच दिसतो. तुमच्या कोडमध्ये असेल तर आजच काढा. काही बिघडलं तर त्याने थांबावं आणि तुम्हाला मेसेज करावा.

एपीआयला हाक मारायला पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी वापरत असाल तर टाइमआउट (किती वेळ वाट बघायची ती मर्यादा) स्वतः द्यावा लागतो. नाही दिला तर समोरून उत्तर येईपर्यंत ती वाट बघत बसते, तासन् तास. परत प्रयत्न करताना दर वेळी थांबायचा वेळ वाढवत न्या: दोन सेकंद, चार, आठ, सोळा. सर्व्हरकडून ४२९ हा आकडा आला तर त्याचा अर्थ तुम्ही फार वेळा दार वाजवताय. तिथे जोर करायचा नाही.

एकच दिवस दोनदा चालवला तर काय होतं, हे तपासलंत का? तारीख, बाजार, जिन्नस, वाण, प्रत या पाचांची मिळून एक ओळख ठरवा आणि डेटाबेसला सांगा की ही ओळख आधीच असेल तर आकडा बदल, नसेल तर नवी ओळ घाल. एस्क्यूलाइट हा छोटा डेटाबेस पुरेसा आहे, तुमच्या कामाला मोठं काही लागत नाही. नाहीतर वीज जाऊन आली, कोड परत चालला आणि दिवसाच्या ओळी दुप्पट झाल्या, असं होतं. सरासरीत ते दिसत नाही, ओळी मोजल्या की दिसतं.

आणि एपीआयची ती की कोडमध्ये लिहून ठेवू नका, एआयच्या चॅटमध्ये तर चिकटवूच नका. वेगळ्या फाइलीत ठेवा आणि ती फाइल गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणारी प्रणाली) जाणार नाही अशी व्यवस्था करा.

—

औसा_रोड

@मोंढा_नांदेड काका, एकच आकडा जायचा हे खरं. आजपासून तिन्ही टाकतो.

@बीडकर_पुण्यात दादा, तुमचं वाचून कोड उघडला. तीन ठिकाणी सापडलं, एक्सेप्टखाली पास. त्यातलं एक अगदी जबाब घेण्याच्या ठिकाणी. दोनदा चालवून बघितलं, ओळी खरंच दुप्पट झाल्या. ऑक्टोबरपासूनचा तक्ता उद्या तपासायला घेतो.

अजून एक सांगायचं राहिलं. मेसेजात हमीभाव शेजारी दाखवावा म्हणून एआयला सांगितलं, तर त्याने सोयाबीनला ४८९२ लिहून टाकला. तो २०२४-२५ चा. २०२५-२६ ला ५३२८ आहे. आकडा त्याला विचारलाही नव्हता, त्याने तो आठवणीतून घातला. आमच्या एका सभासदाने सकाळी सातला फोन करून सांगितलं. आता हमीभाव एका वेगळ्या छोट्या तक्त्यात हंगामासकट ठेवलाय, कोडमध्ये एकही भाव लिहायचा नाही असं ठरवलंय.

—

गोदाकाठची

दादा, तुमचा धागा वाचून माझी फाइल उघडून बसले. मी परभणीला कृषीचं शिकते. पावसावर काम करते आहे, नासाच्या पॉवर एपीआयवरून. त्याला की लागत नाही. अक्षांश-रेखांश द्यायचे, सुरुवातीची आणि शेवटची तारीख द्यायची, रोजचा पाऊस मिलिमीटरमध्ये येतो, थेट १९८१ पासूनचा.

माझाही कोड एआयचाच. गेल्या वर्षी एका महिन्याची बेरीज उणे आली. पाऊस उणे! तिथे ज्या दिवसाची माहिती नसते त्या जागी उणे ९९९ लिहिलेलं असतं, आणि अगदी अलीकडचे काही दिवस तसे असतातच. कोडने ते आकडे म्हणून बेरजेत धरले. महिन्याची बेरीज उणे आली म्हणून मला कळलं. एखादाच दिवस असता आणि मी बेरजेऐवजी चाळीस वर्षांची मिळून रोजची सरासरी काढली असती, तर कदाचित कळलंही नसतं. एआयला मी ती उणे ९९९ ची ओळ दाखवली तर त्याने तिच्या जागी शून्य घातलं. तेही चूकच. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. उणे ९९९ म्हणजे माहिती नाही. मराठवाड्यात या दोन गोष्टींत काय अंतर आहे ते मी इथे सांगायला नको.

तुमची येळवशीची ओळ आणि माझं हे शून्य एकच आहे, असं मला वाटतं. रिकामी जागा दिसली की त्याला ती भरावीशी वाटते.

दुसरं, दिवस कधी बदलतो ते बघा. आपल्याकडे हवामान खात्याचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात, म्हणजे आदल्या सकाळच्या साडेआठपासूनचे चोवीस तास. एपीआय मात्र बहुतेक वेळा मध्यरात्र ते मध्यरात्र दिवस धरतात, तोही कधी आपल्या घड्याळाचा, कधी ग्रीनिचचा. ग्रीनिच साडेपाच तास मागे. रात्री दोनला पडलेला पाऊस ग्रीनिचच्या हिशोबाने आदल्या तारखेला जातो. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. २०२५ च्या सप्टेंबरात आपल्याकडे जो पाऊस झाला, त्यात एका रात्रीचा पाऊस दोन तारखांत वाटला गेला तर दोन्ही तारखा ६५ च्या खाली दिसतात. म्हणून मी आता पर्जन्यमापकाच्या नोंदीशी तुलना करताना तारखेवर तारीख ठेवत नाही, तासाचे आकडे घेऊन साडेआठ ते साडेआठ जुळवते.

आणि पॉवर पाऊस ज्या चौकोनांत मांडतं, तो एकेक चौकोन पन्नास किलोमीटरपेक्षा मोठा असतो. शेजारच्या दोन मंडळांना तो एकच पाऊस दाखवतो. पंचनाम्यासाठी ते वापरायचं नसतं, हे मी माझ्या फाइलच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवलंय.

—

अंबड_चौफुली

सगळं वाचलं. मला स्पष्ट बोलायचंय, राग मानू नका. ज्याला स्वतः लिहिता येत नाही त्याने एआयकडून लिहून घेऊन शेतकऱ्यांच्या गटावर भाव टाकणं बरोबर नाही. भावावर माणूस माल काढायचा की ठेवायचा ठरवतो. आधी शिका, मग करा. मी स्वतः सहा महिने रोज दोन तास बसून शिकलो.

—

गोदाकाठची

@अंबड_चौफुली सर, शिकायला हवं हे मान्य. पण माझी चूक मला पायथन येत नव्हतं म्हणून झाली नाही. मला पायथन येतं. त्या एपीआयच्या माहितीपत्रकात उणे ९९९ बद्दल लिहिलेलं आहे, ते मी वाचलं नव्हतं, म्हणून झाली. मी हाताने कोड लिहिला असता तरी तीच झाली असती. आणि दादांना रेषा का तुटते हे माहीत होतं: मोंढा रविवारी बंद असतो. हे एआयला माहीत नव्हतं आणि सांगितलं गेलं नाही. पायथन येणाऱ्या पण मोंढा न बघितलेल्या माणसाने ती ओळ अशीच घातली असती.

—

बीडकर_पुण्यात

दोघांचंही मला पटतं. अंबडकर, तुमचं एक बरोबर: लोक ज्याच्यावर निर्णय घेणार तिथे तपासणी दुप्पट हवी. मी इतकी वर्षं हे काम करतो तरी माझ्या कोडवर दुसऱ्या माणसाची नजर पडल्याशिवाय तो पुढे जात नाही. औसा_रोडना ती दुसरी नजर नव्हती. एआयने लिहिलेलं एआयनेच तपासलं तर ती दुसरी नजर होत नाही.

एआयकडून काम कसं घ्यावं, याबद्दल माझी सवय सांगतो. "भाव आणून दे" असं मी कधीच सांगत नाही. आधी एपीआयला हाताने एकदा हाक मारून एक खरा जबाब आणतो आणि त्यातल्या दोन नोंदी जशाच्या तशा त्याला दाखवतो. सोबत माहितीपत्रकाचा मजकूर. हे दिलं नाही तर तो पॅरामीटर (एपीआयला काय हवं ते सांगायचे शब्द) मनाने बनवतो. मला एकदा "अमुक तारखेपासून" असा पॅरामीटर लिहून दिला होता, तो त्या एपीआयला नव्हताच. सर्व्हरने चूक दाखवली नाही, अनोळखी शब्द सोडून दिला आणि सगळंच पाठवलं. मला वाटत राहिलं की गाळणी लागली आहे.

मग त्याला तपासण्या लिहायला लावतो, पण कुठल्या तपासण्या ते मी ठरवतो. किमान भाव मोडलपेक्षा जास्त नसावा, मोडल कमालपेक्षा जास्त नसावा. कुठलाही भाव शून्य नसावा. सोयाबीन क्विंटलला पाचशे किंवा पन्नास हजार असेल तर थांबावं. आजच्या ओळी टोटलइतक्या असाव्यात. आणि एकच आकडा लागोपाठ दोन दिवस तिन्ही भावांना तंतोतंत सारखा आला तर माणसाला विचारावं. ही शेवटची तपासणी असती तर येळवशीच्या संध्याकाळीच तुम्हाला कळलं असतं.

—

शिवार_कळंब

मला अगदी साधी अडचण आहे. मी धाराशिव जिल्ह्याचे जुने आणि नवे भाव एकत्र करतो. २०२३ नंतर जिल्ह्याचं नाव बदललं. जुन्या नोंदींत उस्मानाबाद, नव्यात धाराशिव, काही ठिकाणी दोन्ही नावं एकत्र, कंसात. छत्रपती संभाजीनगरचंही तेच, इंग्रजी स्पेलिंग तर तीन-चार प्रकारची. माझा कोड काही महिन्यांचे भाव देतच नाही, आणि चूकही दाखवत नाही.

—

बीडकर_पुण्यात

@शिवार_कळंब चूक दाखवणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने चूक नाहीच. तुम्ही विचारलंत त्या नावाचा जिल्हा त्याच्याकडे नाही, म्हणून त्याने रिकामी यादी पाठवली आणि वर २०० लिहिलं, म्हणजे सगळं ठीक. २०० वर विसंबू नका, यादीत किती नोंदी आहेत ते बघा.

इलाज असा: जिल्ह्याच्या नावाने गाळूच नका. अख्खं राज्य ओढा आणि गाळणी आपल्याकडे लावा. एक छोटा तक्ता करा, डावीकडे जसं येतं तसं नाव, उजवीकडे तुमचं ठरलेलं नाव. तक्त्यात नसलेलं नाव आलं तर कोडने थांबून तुम्हाला विचारायचं. नावं जुळवायचं काम एआयला अंदाजाने करू देऊ नका. बाजारांच्या बाबतीत तर मुळीच नको, एकाच नावाची गावं किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे.

—

रानवाट

एक शंका. हे रोज चालवायला कॉम्प्युटर चालू ठेवावा लागतो का? आमच्याकडे वीज कधी जाईल नेम नाही.

—

औसा_रोड

@रानवाट मी आधी ऑफिसातल्या जुन्या लॅपटॉपवर क्रॉन (ठरल्या वेळी कोड चालवणारी सोय) लावला होता. वीज गेली की बॅटरी दोन तास, मग तोही गेला. आता गिटहब ॲक्शन्सवर आहे, म्हणजे गिटहब या संकेतस्थळाच्या कॉम्प्युटरवर तो ठरल्या वेळी चालतो. तिथलं घड्याळ एरवी ग्रीनिचचं असतं, संध्याकाळी सात म्हणजे तिथे दुपारचा दीड. आणि गर्दीच्या वेळी काम थोडं उशिरा सुरू होऊ शकतं, म्हणून अगदी मिनिटावर विसंबायचं नाही. प्रकल्प सगळ्यांना खुला असेल आणि साठ दिवस त्यात काही हालचाल नसेल तर ठरलेली वेळापत्रकं तिथे बंद होतात. मी रोजचा कच्चा जबाब तिथेच जमा करतो, त्यामुळे हालचाल आपोआप होते.

—

सोयाबीनवाला

मी औराद भागातला. मला बी असाच एक गटाचा मेसेज येतो रोज, तुमचाच हाय का दुसऱ्याचा माहीत नाही. कोडबिडचं मला कळना, पण एक सांगायलो. मेसेजात "नोंद नाही" असं आलं तर आम्ही काय समजायचं? मोंढा बंद होता, का चालू होता पण भाव कळवला नाही? आमच्यासाठी त्या दोन वेगळ्या गोष्टी हायत. बंद असंल तर मी गाडी काढीत नाही. चालू असंल तर काढतो, भाव तिथं गेल्यावर बघू. तुमी नुसतं "नोंद नाही" लिहिलं तर बी मी गेटावरच जाऊन पडायलो की.

—

बीडकर_पुण्यात

हा प्रश्न मला सुचला नव्हता. एपीआयकडे याचं उत्तर नाही. तिथे नोंद आहे किंवा नाही, एवढंच.

—

औसा_रोड

@सोयाबीनवाला भाऊ, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि आज दिवसभर त्यावरच काम केलं.

तक्त्यात आता प्रत्येक बाजाराला रोज एक स्थिती आहे. भाव आला. नोंद नाही. बंद. पहिल्या दोन कोड ठरवतो. "बंद" कोडला लिहिताच येत नाही, ते फक्त मी लिहू शकतो, आणि कुणाला विचारून लिहिलं त्याचा रकाना शेजारी आहे. संध्याकाळी सातला कोड चालतो आणि "नोंद नाही" असलेल्या बाजारांची यादी आधी मला येते. मी त्या आडत्यांना फोन लावतो. मग आठला मेसेज गटावर जातो. दुसऱ्या दिवशी सौदा होणार का, हेही त्याच फोनवर विचारतो.

आज यादीत एकच मोंढा होता. फोन उचलला. सौदा झाला होता, सोयाबीनची आवक कमी होती, भाव पोर्टलवर अजून चढवायचा राहिला होता. त्यांनी तोंडी सांगितलेला आकडा मी तक्त्यात घातला नाही, मेसेजात "फोनवरून" असं लिहून वेगळा टाकला.

ज्यांचे बावीस कट्टे परत आले होते त्यांना मेसेजचा नवा नमुना पाठवून विचारलं की समजतंय का. त्यांनी एक बदल सांगितला: "नोंद नाही" हे भावाच्या ओळीच्या शेवटी नको, बाजाराच्या नावाच्या आधी हवं. फोनच्या छोट्या पडद्यावर ओळीचा शेवट खाली जातो आणि वाचायचा राहतो. ते केलं.

—

शिवार_कळंब

@बीडकर_पुण्यात नावांचा तक्ता केला. जिल्ह्याच्या गाळणीशिवाय ओढल्यावर धाराशिवची नावं चार प्रकारांनी लिहिलेली सापडली, त्यातलं एक शेवटी मोकळी जागा असलेलं, डोळ्यांना दिसतच नव्हतं. गायब वाटणारे महिने सगळे त्याच्याखाली होते. आता बाजारांची नावं घेतो आहे, कळंबपासून सुरू केलंय. कळंब यवतमाळ जिल्ह्यातही आहे, त्यामुळे जिल्हा आणि बाजार मिळून ओळख धरतोय.